चोर्ल्याच्या घाटाने शिकवलेले त्रैराशिक

बेळगावहून गोव्याला जाताना उतार आणि येताना चढ, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. तरीही मी ते विसरलो होतो. तीन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेची ही गोष्ट आहे.

अक्का साखळीला असते. दरवर्षी मी तिच्याकडे बसने जात असे. त्या वर्षी सायकलने जायचे ठरवले. शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झाले होते आणि तब्येत ठणठणीत होती. शिवाय हाताशी नवी जुळवलेली, गिअरची, सामान लादून लांब पल्ल्याला जाण्याजोगी सायकल होती. पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी करीत दुपारपर्यंत चोर्ल्याला पोचलो. पुढे घाट उतरताना पायांना कामच नव्हते. अक्काने ओवाळले. मी तिला सायकल फिरवून दाखवली. "या वयात हे काय रे?" असे म्हणत तिने कौतुकही केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो. केरी मागे पडली, चढ सुरू झाला, खाली अंजुणे धरणाचे पाणी दिसू लागले आणि काही वळणांतच मी सायकलवरून उतरलो. पायडल खाली जाईना. खटका दाबला की मागे खडखड व्हायची, चेन अर्धवट उडी मारायची आणि पुन्हा होती तिथेच यायची. बसून मारले, उभे राहून मारले, शेवटी ढकलत निघालो. साखळीला गेलो आणि सायकलच्या साखळीनेच दगा दिला, असा विनोद तेव्हा सुचला नाही. उजवा गुडघा आतून कोणी पिळावा तसा दुखत होता. अर्ध्या घाटात एका भाजीच्या टेम्पोवाल्याने दया येऊन सायकलीसकट मला वर घेतले.

घरी आलो तेव्हा गुडघा सुजला होता. आमच्या सौभाग्यवती धारवाडच्या. रागावल्या की त्या कन्नडमध्ये बोलतात. गुडघ्याकडे पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "साक माडरी इन्न." आता पुरे करा!

मात्र मला गुडघ्याहून जास्त लागले ते रात्रीच्या फोनने. बंगळूरहून लेकीने विचारले, "बाबा, माझे खटके कसे चालले?" मी म्हणालो, "उत्तम!"

प्रत्येक वस्तू चांगली, संसार मात्र वाईट

ते खटके लेकीच्या पहिल्या पगाराचे होते. रेसच्या वाकड्या हँडलवर बसणारे, ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत असलेले, दहा गिअरचे. तिथल्या एका सायकलस्वाराकडून तिने ते वापरलेले पण सुस्थितीतले घेतले होते. बाकीची जमवाजमव मी केली. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारे यंत्र, डोंगरी सायकलचा घेतला. तोही दहा गिअरचा. मागच्या चक्रांचा संच, ज्याला कॅसेट म्हणतात, ११ ते ३६ दातांचा. पुढे ५० आणि ३४ दातांची दोन चक्रे. प्रत्येक वस्तू नावाजलेली होती. दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, "दोन्ही दहाचेच आहेत, बसणारच." फिरवून पाहताना खडखड झाली तेव्हा, "वापरता वापरता बसेल," असे उत्तर मिळाले. भाऊबीज चार दिवसांवर आलेली. मी मान डोलावली.

दोष मी त्याला देत नाही. तीस वर्षे मी सातवी-आठवीच्या मुलांना गणित शिकवले. गुणोत्तर, प्रमाण, त्रैराशिक. "आकडे मांडल्याशिवाय उत्तर सांगू नका," हे वाक्य फळ्यापुढे हजार वेळा म्हटले असेन. आणि स्वतःच्या सायकलचे दात मात्र एकदाही मोजले नाहीत.

डॉक्टरांनी गुडघा तपासला. फाटले-तुटले काही नव्हते. "जोर कमी, फेरे जास्त," एवढाच त्यांचा सल्ला. सायकल सोडा असे ते म्हणाले नाहीत. मी ते घरी दोनदा सांगितले.

मेस्त्रींची शाळा

महिन्याभराने सायकल घेऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेस्त्रींकडे गेलो. पन्नास वर्षे पंक्चर काढणारा, चाकाच्या तारा ओढून चाक सरळ करणारा माणूस. गिअरची सायकल त्यांच्याकडे कशाला न्यायची, असे मला आधी वाटले होते. त्यांनी सायकल उलटी केली, हाताने पायडल फिरवले, खटका दाबत गेले आणि विचारले, "सर, दात मोजलासा काय?"

मग त्यांनी कोपऱ्यातली एक साधी काळी सायकल पुढे ओढली. माझ्या वडिलांचीही अशीच होती. आम्ही दोघांनी खडूने खूण करून दात मोजले. पुढे ४४, मागे १८. म्हणजे पायडल एकदा पूर्ण फिरले की मागचे चाक ४४ भागिले १८, जवळजवळ अडीच वेळा फिरते. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर. पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्याला हे प्रमाण छान. घाटात मात्र उतरून चालायचे, हे वडिलांच्या पिढीने गृहीतच धरले होते.

गिअर म्हणजे एवढेच. पुढच्या दातांना मागच्या दातांनी भागा, चाकाच्या परीघाने गुणा. एका फेरीत किती मीटर, हे उत्तर. आकडा मोठा असेल तर वेग जास्त आणि जोरही जास्त. आकडा लहान असेल तर वेग कमी आणि पाय हलका. फुकट काहीच मिळत नाही. चढ तेवढाच राहतो, आपण तो लहान घासांत खायचा की मोठ्या, एवढेच आपल्या हाती असते.

आता माझी सायकल. चाकाचा परीघ २.१५ मीटर. कागदावर सगळ्यात हलका गिअर पुढे ३४, मागे ३६, म्हणजे एका फेरीला साधारण २ मीटर. पण मेस्त्रींनी दाखवले की चेन मागच्या शेवटच्या तीन मोठ्या चक्रांवर चढतच नव्हती. २८, ३२ आणि ३६ ही तिन्ही चक्रे अगदी कोरी होती, त्यांना वंगणाचा डागही नव्हता! म्हणजे घाटात माझा सगळ्यात हलका गिअर होता पुढे ३४, मागे २४. एका फेरीला ३ मीटरहून थोडे जास्त.

घरी येऊन मी वहीत मांडणी केली. मी ७० किलो, सायकल १४, सामान १६. बरोबर १०० किलो. घाटातला चढ शंभर मीटरला सहा मीटर धरला तर मागे ओढणारे वजन ६ किलो. एका फेरीत पाऊल १ मीटरहून थोडे जास्त अंतर फिरते आणि सायकल ३ मीटर जाते. म्हणजे पायडलवर फेरीभर सरासरी १७ किलोचा जोर हवा. तोही पाय खाली जातानाच लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याच्या दुपटीच्या आसपास. शिवाय मिनिटाला साठ फेरे मारले तर सायकल ताशी ११ किलोमीटरने जायला हवी. शंभर किलो घेऊन, साठीच्या माणसाने, घाटात! ते शक्य नव्हते. म्हणून फेरे मंदावले, जोर वाढला आणि तो सगळा गुडघ्याने सोसला.

आकडे गुडघ्याने आधीच सांगितले होते. मी ते वहीत उतरवले, इतकेच.

निवड खालून सुरू करायची

नवी सायकल घेताना आपण विचारतो, गिअर किती? एकवीस, चोवीस, सत्तावीस. हा प्रश्नच चुकीचा आहे. पहिला प्रश्न असा हवा: सगळ्यात लहान गिअर किती मीटरचा? सामान घेऊन घाट चढायचा असेल तर तो दीड ते पावणेदोन मीटरच्या आसपास असावा, असे माझे आता मत आहे. वरच्या टोकाची चिंता करू नये. उतारावर पाय थांबवले तरी सायकल पळतेच.

या हिशेबाने पुढे २६, ३६ आणि ४८ दातांची तीन चक्रे आणि मागे ११ ते ३४ ची कॅसेट अशी जोडी निघाली. सगळ्यात हलका गिअर २६ भागिले ३४, एका फेरीला १.६४ मीटर. त्याच चढावर, त्याच वजनाला, सरासरी जोर १७ किलोवरून ९ किलोवर येतो. साठ फेऱ्यांना वेग ताशी जेमतेम ६ किलोमीटर. भरभर चालणारा माणूसही बरोबर येईल. पण तो चालत असेल आणि आपण बसलेले असू.

असा लहान गिअर ठेवण्यात अनेकांना कमीपणा वाटतो. ही भावना जुनी आहे. टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांनी १९०२ साली लिहून ठेवले होते की, गिअर बदलण्याची सोय ही पंचेचाळीशी उलटलेल्यांसाठी! त्यांच्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडले. उलट त्याच देशातले पॉल द व्हिव्ही, ज्यांना सायकलस्वार 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने ओळखतात, सेंत-एतियेन गावाभोवतीच्या डोंगरांत वर्षानुवर्षे वेगवेगळे गिअर लावून पाहत राहिले आणि लांब पल्ल्याच्या माणसाला गिअर हवेतच, असे सांगत राहिले. आज जगभरच्या प्रवासी सायकली पाहिल्या की कोणाचे खरे ठरले ते कळते. माझी पंचेचाळीशी केव्हाच उलटली आहे, त्यामुळे देग्रांजसाहेबांचीही मला परवानगी आहे!

पत्रिका जुळवणे

कोणती चक्रे हवीत ते ठरले. आता प्रश्न होता ती एकमेकांशी नांदण्याचा. लग्नाच्या पत्रिकेत छत्तीस गुण असतात आणि अठरा जुळले तरी भटजी होकार देतात. इथे पाचच गुण आहेत. मात्र पाचही जुळावे लागतात.

पहिला गुण चेन आणि कॅसेटचा. गिअर वाढतात तशी मागची चक्रे दाटीने बसतात. आठ गिअरच्या कॅसेटमध्ये एका चक्रापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर ४.८ मिलिमीटर असते, नऊच्या ४.३४ आणि दहाच्या ३.९५. म्हणून चेनही बाहेरून बारीक होत जाते. आठची ७.१ मिलिमीटर, नऊची साडेसहाच्या आसपास, दहाची सहाच्या आसपास. आठ गिअरची चेन दहाच्या कॅसेटवर घातली तर शेजारच्या चक्राला घासते. कॅसेट जितक्या गिअरची, चेन तितक्याच गिअरची.

दुसरा गुण खटका आणि डिरेलर यांचा. माझे लग्न मोडले ते इथे. खटका दाबला की तो ठरावीक मिलिमीटर वायर ओढतो. डिरेलर त्या ओढीच्या ठरावीक पटीत सरकतो. दोन्हींचा गुणाकार चक्रांमधल्या अंतराइतका आला पाहिजे. शिमानोचे नऊ गिअरपर्यंतचे रस्त्यावरचे आणि डोंगरी डिरेलर एकाच पटीत चालतात, साधारण १.७. दहा गिअर आले तेव्हा डोंगरी गटाची पट बदलून १.२ च्या आसपास झाली आणि त्यांचे खटके वायर जास्त ओढू लागले. लेकीचा खटका जुन्या धर्तीच्या रस्त्यावरच्या गटातला. तो एका दाबाला सुमारे २.३ मिलिमीटर वायर ओढतो. गुणिले १.७ केले की ३.९, म्हणजे नेमके दहाच्या कॅसेटचे अंतर. पण मी लावलेला डिरेलर नव्या डोंगरी गटातला. २.३ गुणिले १.२, म्हणजे पावणेतीन मिलिमीटर. दर दाबाला सुमारे १.२ मिलिमीटरची तूट! नऊ दाबांत ती अकरा मिलिमीटरच्या जवळ जाते, म्हणजे जवळजवळ तीन चक्रे. ज्या तीन चक्रांना वंगण लागले नव्हते, ती ही तीन.

'दोन्ही दहाचेच' हे खरे होते. दोन माणसे एकाच वयाची आहेत म्हणून त्यांचे स्वभाव जुळतात असे नाही, तसेच हे.

तिसरा गुण डिरेलरच्या लांबीचा. गिअर बदलला की चेन सैल किंवा ताठ होते. तो ढिलावा डिरेलरचा खालचा लांब हात गोळा करतो. किती दातांचा फरक तो सांभाळेल, हे कंपनी सांगते. हिशेब सोपा आहे. पुढचे मोठे वजा पुढचे लहान, मागचे मोठे वजा मागचे लहान, आणि दोन्हींची बेरीज. माझ्या नव्या जोडीत ४८ वजा २६ म्हणजे २२, ३४ वजा ११ म्हणजे २३, एकूण ४५. लांब हाताच्या डोंगरी डिरेलरची क्षमता बहुधा नेमकी ४५ असते. आखूड हाताचा लावला असता तर लहान चक्रांवर चेन लोंबली असती. त्यातच चेनही आखूड कापलेली असती आणि चुकून मोठ्या-मोठ्या चक्रांवर गेली असती, तर डिरेलरच मोडला असता.

चौथा गुण हब आणि फ्रेमचा. जुन्या आणि स्वस्त सायकलींत मागचे फ्रीव्हील हबवर आट्याने बसते. कॅसेट मात्र हबच्या खाचांच्या नळीवर सरकवतात. दोन्ही दिसायला सारखी, पण एकाच्या जागी दुसरे बसत नाही. प्रवासी सायकलला कॅसेटचा हब बरा. आट्याच्या सात चक्रांच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे खूप आत राहतात, त्यामुळे ओझ्याने मागचा एक्सल वाकण्याची किंवा तुटण्याची शक्यता वाढते. शिवाय हबची रुंदी पाहावी. रस्त्यावरच्या सायकलींत ती पूर्वापार १३० मिलिमीटर, डोंगरी सायकलींत १३५. पोलादी फ्रेम जाणता माणूस थोडी रुंद करू शकतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमशी हा खेळ करू नये.

पाचवा गुण पुढच्या डिरेलरचा. इथे रस्त्यावरच्या आणि डोंगरी गटांचे नऊ गिअरच्या काळातही जमत नव्हते. दोघांची वायर ओढण्याची मापे वेगळी. लेकीचा डावा खटका तर दोनच चक्रांचा होता आणि मला हवी होती तीन.

जुन्या डब्यातला तोडगा

एवढे कळल्यावर सरळ मार्ग एकच दिसत होता. वाकडे हँडल काढायचे, सरळ हँडल लावायचे आणि नऊ गिअरचा डोंगरी संच एकाच घराण्यातला घ्यायचा. खटके, डिरेलर, क्रँक, सगळे. कोणी विचारले तर आजही मी हाच सल्ला देईन, कारण त्यात डोकेदुखी सगळ्यात कमी. पण मग लेकीचे खटके कपाटात जाणार होते.

मी तिला फोन केला आणि खरे काय ते सांगितले. घाटात ढकलत आलो, टेम्पोत बसलो, गुडघा सुजला, सगळे. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, खटके विकून टाका. पण मला उत्तम म्हणून सांगू नका." ते वाक्य मला गुडघ्याहून जास्त दिवस दुखले.

तोडगा निघाला तो मेस्त्रींच्या पत्र्याच्या डब्यातून. एका मोडीत काढलेल्या डोंगरी सायकलचा लांब हाताचा, नऊ गिअरचा डिरेलर त्यांच्याकडे पडून होता. दहाच्या खटक्याशी नऊचा डिरेलर! ऐकायला चूक वाटते. पण डिरेलरला स्वतःला गिअर मोजता येत नाहीत. मोजणी असते ती खटक्यात. जुन्या नऊच्या डिरेलरची पट १.७, लेकीच्या खटक्याची ओढ २.३, उत्तर ३.९. गणित जुळले. प्रवासी सायकली बांधणाऱ्यांत ही जुनी युक्ती आहे. मात्र शिमानोच्या जुन्या दहा गिअरच्या रस्त्यावरच्या खटक्यांपुरतीच ती लागू पडते. २०१५ च्या टियाग्रा ४७०० पासून ओढ वेगळी झाली, तिथे हे चालत नाही.

पुढच्या तीन चक्रांसाठी आम्ही डाव्या बाजूला जुन्या धर्तीची, क्लिक नसलेली लहान दांडी लावली. तिला ठरावीक थांबे नसतात. चेन बसेपर्यंत ओढायची, घासली तर केसभर मागे घ्यायची. तिचे कोणाशीही जमते. डावा खटका आता फक्त ब्रेकचे काम करतो.

कॅसेट आणि क्रँक नवी घ्यावी लागली आणि त्यांच्याबरोबर क्रँकला जुळणारा पुढचा डिरेलरही. आधीच्या वस्तू निम्म्या किमतीत गेल्या. दात आधी मोजले असते तर हा भुर्दंड पडला नसता.

मेस्त्रींनी खटका एकेक दाबला. चेन एकेक चक्र चढत शेवटच्या ३४ वर गेली आणि शांत फिरत राहिली. खडखड नाही. ते म्हणाले, "आता बघा, तोंड उघडत नाही." मी फोन लावला आणि तो चाकाजवळ धरला. लेकीला नुसती 'सर्र' ऐकू आली.

घरातल्या सायकलींसाठी

घरोघरी आता मुलांच्या गिअरच्या सायकली आहेत. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

चढाला महागडी सायकल लागते असे नाही. एकवीस गिअरच्या साध्या सायकलीत पुष्कळदा पुढे २४, ३४, ४२ आणि मागे १४ ते २८ असे दात असतात. २६ इंची चाकावर तिचा सगळ्यात हलका गिअर पावणेदोन मीटरच्या आसपास येतो. माझ्या पहिल्या महागड्या जुळणीहून तो कितीतरी हलका! मागे १४ ते ३४ चे फ्रीव्हील बसवले तर तो दीड मीटरच्या खाली जातो. मात्र आपला डिरेलर ३४ दात झेपवतो का, हे आधी पाहावे आणि चेनही त्या मापाची घालावी. मुलांना एवढे जरूर शिकवावे की, पुढचे मोठे आणि मागचे मोठे चक्र एकत्र लावायचे नाही. चेन तिरकी ओढली जाऊन झिजते.

दुसरे, चेन मोजावी. चेनच्या एका खिळीपासून दुसरीपर्यंत अर्धा इंच. म्हणून नव्या चेनची चोवीस अंतरे बरोबर १२ इंच भरतात. पोलादी पट्टी लावून पाहावे. एक-षोडशांश इंच जास्त भरले की चेन बदलावी. उशीर केला तर झिजलेली चेन कॅसेटचे दातही झिजवते आणि मग नवी चेन जुन्या दातांवर घसरते. कमी खर्चाची वस्तू वेळेवर बदलली की जास्त खर्चाची वाचते.

पुढची भाऊबीज

पुढच्या वर्षी पुन्हा साखळीला गेलो. परतताना अक्काने करंज्यांचा डबा दिला, तो कॅरिअरवर बांधला. केरी सोडली आणि डावी दांडी ओढून पुढे २६ वर आलो, मग उजवा खटका दाबत मागे ३४ वर. पाय भरभर फिरत होते आणि सायकल हळूहळू जात होती. एक शाळकरी मुलगा बराच वेळ माझ्याबरोबर चालला आणि विचारत राहिला, "काका, तुम्ही एवढे पायडल मारता, मग सायकल पळत का नाही?" त्याला मी गुणोत्तर समजावले. जुनी सवय.

मागच्या वेळी जिथे उतरलो होतो, ते वळण ओळखू आले. तिथे थांबलो, ते पाणी पिण्यासाठी. वर चोर्ल्याला पोचायला विश्रांतीसकट तीन तास लागले. गाड्या, मोटारसायकली, एसट्या, सगळे पुढे निघून गेले. गुडघा गप्प होता. कणकुंबीला चहा घेऊन घरी फोन केला तेव्हा सौभाग्यवती फक्त एवढेच म्हणाल्या, "निधान बर्री." सावकाश या.

सावकाशच आलो. त्यासाठीच तर एवढे दात मोजले होते.